बहिणीचं आतडं आणि माझा लेख

माझ्या धाकट्या बहिणीच्या लहान आतड्याचा दीडेक फूट लांबीचा तुकडा कापून काढावा लागला. तो कापावा लागू नये म्हणून घाटकोपरचे एक डॉक्टर कित्येक महिने खटपट करत होते. ती खटपट वाया गेली, आणि ती वाया घालवण्यात माझा हात होता. हे मी नम्रतेपोटी म्हणत नाही. नम्रता हा माझा गुण आहे असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मी विज्ञानाचा मजकूर मराठीत आणण्याचं काम करतो. शाळेची पुस्तकं केली, सरकारी माहितीपत्रकं केली, धुलाई यंत्र कसं वापरावं याच्या पुस्तिकाही केल्या. शिवाय एका विज्ञान मासिकात गेली वीस वर्षं लिहितो. त्याचे वाचक इतकेच आहेत की त्यातले निम्मे मला मुलुंडच्या भाजी मंडईत भेटतात. बहीण महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी आम्हाला लालबागहून कांजूरमार्गला आणलं, आणि लग्नानंतरही ती कांजूरमार्ग पूर्वेलाच राहिली. मी मुलुंडला गेलो. आमच्या घरात वर चढणं म्हणजे एवढंच.

तिला जेवल्यावर तासाभराने बेंबीच्या उजव्या बाजूला, खाली, कळ यायची. जुलाब, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरत चाललेलं. भांडुपच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, आतड्यात व्रण दिसले, आणि त्यांनी टीबीची औषधं सुरू केली. आपल्याकडे आतड्यात व्रण दिसला की तो आधी टीबी असतो. नाही हे सिद्ध करायची जबाबदारी रोग्याची. दोन्ही आजार इतके सारखे दिसतात की भले भले फसतात, हे मला नंतर कळलं, त्यामुळे त्या डॉक्टरांना मी फार दोष देत नाही. नऊ महिने तिने त्या गोळ्या घेतल्या. लघवी शेंदरी व्हायची, तोंडाची चव गेली, आणि पोट दुखायचं ते दुखतच राहिलं. त्या काळात तिच्या नवऱ्याने तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवला होता. आतड्याचा टीबी पेल्यातून पसरत नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. "हो हो, माहितीये," असं म्हणून त्यांनी पेला वेगळाच ठेवला. बहीण मग येताजाता मुद्दाम त्यांच्या पेल्यातून पाणी प्यायची.

नऊ महिन्यांनी आम्ही घाटकोपरच्या डॉक्टरांकडे गेलो. पोटाच्या या तज्ज्ञाचा दवाखाना फरसाणाच्या दुकानाच्या वर आहे. त्यांच्या भिंतीवर एकही प्रमाणपत्र लावलेलं नव्हतं, म्हणून मला ते लगेच आवडले. त्यांनी जुन्या तपासण्या पुन्हा पाहिल्या, नव्या करायला लावल्या आणि हा टीबी नाही असं सांगितलं. हा आतड्याच्या कायमच्या दाहाचा आजार होता, परदेशातल्या कुठल्याशा डॉक्टराच्या नावाने ओळखला जाणारा. यात रोगजंतू बाहेरून येत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उठते.

"माझंच आतडं का पण?" बहिणीने विचारलं. "मी तर बाहेरची पाणीपुरीसुद्धा खात नाही."

डॉक्टरांनी रिपोर्टचं पाकीट उलटं केलं आणि त्यावर पेनने चित्र काढायला सुरुवात केली. प्रत्येक पेशी स्वतःची साफसफाई करते, ते म्हणाले. झिजलेले, मोडलेले भाग ती एका पातळ पिशवीत गुंडाळते, आतल्या आत पचवते, आणि निघालेला माल नव्या बांधकामाला वापरते. याला स्वभक्षण म्हणतात. आतड्यात या सफाईला आणखी एक काम असतं. तिथे एका पेशीच्या जाडीपलीकडे जिवाणूंचा सगळा बाजार भरलेला असतो. त्यातला एखादा चुकून पेशीत शिरला तर त्यालाही त्याच पिशवीत घालून पचवायचं. अस्तराच्या खळग्यांत, तळाशी, काही पेशी बसलेल्या असतात. जिवाणूंना मारणारी द्रव्यं त्या तयार करून बाहेर सोडतात, आणि त्यांचंही काम ही सफाई नीट चालली तरच चालतं. काही माणसांत ही यंत्रणा जन्मतःच जरा ढिली असते. आत आलेला जिवाणू पडून राहतो, पेशी ओरडत राहते, तिचं ओरडणं ऐकून प्रतिकारशक्तीच्या पेशी धावून येतात आणि परत जायचं नाव घेत नाहीत. मग सूज, मग व्रण, मग व्रणाचा वण, आणि वणामुळे आतडं अरुंद.

"म्हणजे कोपऱ्यावरचा कचरा उचलला नाही म्हणून तक्रार करायला आलेली माणसं तिथेच तंबू ठोकून बसली, असं समजा," ते म्हणाले.

"समजायचं काय त्यात? आम्ही डम्पिंग ग्राउंडच्या वाऱ्यावरच राहतो," बहीण म्हणाली, आणि डॉक्टर हसले.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि जे सांगितलं ते चित्राइतकं सुंदर नव्हतं. हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे, ते म्हणाले. तुमच्यात नेमका हाच दोष आहे असं मी म्हणत नाही. ती तपासणी आपण केलेली नाही, आणि केली तरी औषध बदलणार नाही. कारण आपलं औषध तंबू ठोकलेल्यांना घरी पाठवायचं आहे, कचरा उचलायचं औषध अजून कुणाकडे नाही. एक जागा अरुंद झालेली आहे. गोळ्या नियमित घेतल्या आणि पोटभर जेवलात, वजन भरलं, तर सूज उतरेल आणि कापायची पाळी कदाचित येणार नाही. गोळ्या आणि जेवण, ही दोनच कामं तुमच्याकडे. बाकीचं माझ्याकडे.

बहिणीने ती दोन कामं लक्षात ठेवली. माझ्या लक्षात चित्र राहिलं.

मी झपाटल्यासारखा वाचत सुटलो. इतकी देखणी कल्पना कितीतरी वर्षांत हाताला लागली नव्हती. पेशी स्वतःला खाऊन स्वतःला नवी करते, आणि तिने ते केलं नाही तर शरीर स्वतःशीच भांडायला उठतं. आठ दिवसांत लेख तयार झाला. तो सव्वा पान भरला. संपादकांना एकच पान हवं होतं, कारण उरलेल्या पाव पानात एका देणगीदाराच्या पंचाहत्तरीचा फोटो जायचा होता. काय गाळायचं ते मीच ठरवलं. लेखाच्या मध्यावर एक वाक्य होतं: उपाशी ठेवलेल्या पेशी ही सफाई अधिक जोमाने करतात. त्याच्यापुढे चार ओळी होत्या. हे काचेच्या बशीतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलेलं आहे. ज्यांचं आतडं आधीच सुजलेलं आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना उपास घडला तर आतडं आणखी दुबळं होतं. औषधं थांबवण्याचा तर प्रश्नच नाही. या चार ओळी मी काढल्या. विज्ञानावर लिहिणाऱ्याला एक खोड लागते. वाक्य डौलात उभं राहिलं की त्याच्या मागून येणारा 'पण' डोळ्यांत खुपू लागतो. वाचक शहाणे आहेत, त्यांना कळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांचं शहाणपण माझ्या सोयीचं होतं.

लेख भलताच गाजला. कुणीतरी त्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला आणि पंधरा दिवसांत तो मला सावंतवाडीच्या चुलतभावाकडून परत आला, खाली कमळाचं चित्र आणि 'पूर्वजांचं ज्ञान' अशी ओळ जोडून. माझं नाव गेलं होतं. त्याचं मला वाईट वाटलं, हे सांगून टाकलेलं बरं. चार ओळी गेल्याचं वाईट वाटलं नव्हतं.

मग मुलुंडच्या एका वाचनालयाने आपल्या वर्धापनदिनाला मला बोलावलं. असले समारंभ मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांची घरी नक्कल करून बायकोला हसवण्यात माझा हातखंडा आहे. या समारंभातही सगळं यथासांग झालं. पंख्याच्या वाऱ्याने समई पेटेना, म्हणून पंखे बंद केले आणि मान्यवर घामाघूम झाले. पाहुण्यांची ओळख पाहुण्यांच्या भाषणाहून लांबली. सूत्रसंचालिकेने प्रत्येक वक्त्याला वेळेचं भान ठेवायला सांगितलं आणि ते सांगण्यात वेळ घालवला. शाल, श्रीफळ, आणि घरी कुठे ठेवायचं असा प्रश्न पडावा असं ॲक्रिलिकचं स्मृतिचिन्ह.

माझ्याआधी उपवासाचे एक प्रचारक बोलले. निवृत्त अभियंते, सडसडीत, पांढरा झब्बा, आवाज रेडिओवरच्यासारखा. एकादशी म्हणजेच स्वभक्षण, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत संधिवात, मधुमेह, दमा आणि आतड्याचे सगळे आजार निकालात काढले. औषध कंपन्यांना हे कळायला नको आहे, असं म्हणताना ते जरा पुढे वाकले आणि सभागृहही पुढे वाकलं. शेवटी त्यांनी मासिकाचं पान उंच धरलं. "हे मी म्हणत नाही, सरांनी लिहिलंय. आणि काय रसाळ मराठीत लिहिलंय." टाळ्या पडल्या.

मी उठलो. काय बोलायचं ते मला पक्कं माहीत होतं. गाळलेल्या चार ओळी पाठ होत्या. दोन मिनिटांचं काम होतं. पण खांद्यावर शाल होती, ज्या माणसाने नुकतंच माझ्या मराठीला रसाळ म्हटलं तो शेजारच्या खुर्चीवर हात जोडून बसला होता, आणि सगळा हॉल माझ्याकडे प्रेमाने पाहत होता. मी म्हणालो, "हे दोन्ही दृष्टिकोन एकमेकांना पूरक आहेत." हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की मी जन्मभर हसत आलो आहे.

बहीण तिसऱ्या रांगेत बसली होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला होता, हनुवटीवर लव आली होती, आणि वर्गातल्या पोरी तिला विचारत होत्या, बाई, तुम्ही जाड्या का झालात? हातपाय मात्र काटकुळेच होते. कार्यक्रमानंतर सगळ्यांना बटाटेवडा होता. तिने घेतला नाही. पोटाला जपते आहे, असं मला वाटलं.

ती दुसऱ्या दिवसापासून उपाशी राहू लागली होती. पुढे जे झालं ते आमच्यासारख्या घरांतच होऊ शकतं. तिथे बाईने उपास धरला ही बातमी नसते. आज काय आहे, एवढंच कुणीतरी विचारतं, आणि काहीतरी असतंच. सोमवार तिचा आधीपासूनच होता. त्यात तिने मंगळवार घातला, मग गुरुवार, मग शनिवार. एकादशी आणि संकष्टी होत्याच. साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ असलं काही नाही, नुसतं पाणी. आठवड्यातले चार दिवस बाई जेवत नव्हती आणि घरात कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. नवऱ्याला वाटलं, आजार बरा व्हावा म्हणून देवाचं करते आहे. त्यांना ते बरंच वाटलं. आणि आमच्याकडे देवासाठी जेवण सोडणाऱ्या बाईला जेव असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

गोळ्यांचंही तेच झालं. आधी अर्ध्या केल्या, मग सोडल्या. घरात दिसावं म्हणून रोज पाकिटातून काढायची आणि फेकून द्यायची. पुढे तिनेच मला सांगितलं की पहिल्या दिवशी ती गोळी हातात घेऊन बराच वेळ दोन डब्यांसमोर उभी होती. ओल्या कचऱ्यात टाकायची की सुक्या, ते तिला कळेना. शाळेत कचऱ्याच्या वर्गीकरणाचा तास तीच घ्यायची.

एक दिवस तिचा फोन आला. आवाज कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता इतका हलका. "दादा, तुझं ते खरं हां. दुखत नाही आता. तोंडावरची सूज पण उतरली माझी."

न दुखण्याचं कारण साधं होतं. अरुंद जागेतून जायला काही येतच नव्हतं, मग दुखणार काय? आणि चेहऱ्यावरची सूज उतरली होती ती स्टेरॉइड थांबल्यामुळे. वीस वर्षं विज्ञानावर लिहिणाऱ्या माणसाला हे फोन ठेवायच्या आत कळायला हवं होतं. मी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना. ती म्हणाली, हो रे. उपासांबद्दल मी म्हणालो, फार ताणू नकोस. बस. त्या 'तुझं ते खरं'ची गोडी मला दिवसभर पुरली. माझ्या लेखाचा उपयोग झालेलं असं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ती आमच्याकडे येऊन गेल्यावर बायको म्हणाली, "तिच्या बांगड्या पाहिल्यात का? हात वर केला की कोपरापर्यंत जातायत." मी तिला या आजारात वजन कसं उतरतं ते समजावून सांगितलं. चित्र काढून.

गणपती आमच्या घरी असतात. हरतालिकेला बहिणीने पाण्याचा थेंबही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी चतुर्थीला सकाळीच ती कांजूरहून आली, बायकोच्या बरोबरीने मोदक वळले, आणि दुपारी, चार महिन्यांत पहिल्यांदाच, पंगतीला बसून पोटभर जेवली. वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. ते सांबार आमच्या आईच्या हातचं जसं व्हायचं तसं फक्त तिलाच जमतं, त्यामुळे आग्रह करकरून आम्हीच तिला वाढलं. मीही वाढलं. काळ्या वाटाण्याची सालं, अरुंद झालेलं आतडं, आणि चार महिने औषधाशिवाय धुमसत राहिलेली सूज. संध्याकाळच्या आरतीच्या आधी ती न्हाणीघरात वाकून बसली होती आणि पोट ढोलासारखं फुगलं होतं.

इस्पितळात दोन दिवस नाकात नळी घालून वाट पाहिली. आतडं मोकळं झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. तिच्या अंगात मांसच उरलं नव्हतं, आतड्याची टोकं लगेच जोडली तर सुटतील अशी भीती होती, म्हणून वरचं टोक पोटावर बाहेर काढून तिथे पिशवी लावली. तीन महिने तशीच राहणार होती.

ती शुद्धीवर आल्यानंतर घाटकोपरचे डॉक्टर तिच्या खाटेपाशी आले. रक्ताचे आकडे त्यांनी पाहिले होते. गोळ्या बंद असल्याचं त्यांना न सांगताच कळलं होतं. आवाज न चढवता रागावणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"जेवण आणि गोळ्या, दोनच कामं दिली होती. उपास कुणी सांगितला?"

"वाचलं होतं कुठंतरी," ती म्हणाली.

"कुठं?"

"आलं होतं मोबाइलवर."

मी खाटेच्या पायथ्याशी तिची फाइल धरून उभा होतो. बोलण्यासारखं एकच वाक्य होतं, त्याला लागतात किती सेकंद? डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. बहिणीने डोळे मिटले आणि आमच्या आईच्या भाषेत म्हणाली, "तुझा नाव घेवक नाय मी. आता तरी बस."

मी स्टुलावर बसलो.

ती पिशवी बदलायला नर्सने नवऱ्याला शिकवलं. मला वाटलं होतं हा माणूस दारातूनच परत जाईल. त्याने बाह्या वर केल्या, हात धुतले, आणि नाक न मुरडता, घाई न करता, पोटावरचं ते लालसर तोंड कोमट पाण्याने पुसून नवी पिशवी बसवली. पुढे घरीही रोज तोच करायचा. वेगळ्या पेल्यावरून मी या माणसाची जी काही वर्षभर टवाळी केली होती ती मी एकट्याने गिळली.

मी त्या दिवसांत रोज डबा घेऊन कांजूरला जायचो. मऊ भात, पेज, मासे चालायला लागल्यावर बोंबलाचं पातळ कालवण. ती जेवत असताना मी समोर बसायचो. "बघत बसू नको रे," ती म्हणायची. "पर्यवेक्षक आलाय असं वाटतं." वास यायला लागला की नवरा खिडकी लावायचा. डम्पिंगचा, की पिशवीचा, ते कुणी बोलायचं नाही.

एका दुपारी मी तिला म्हणालो की हे सगळं मी सांगून टाकणार आहे. त्याच वाचनालयात, त्याच माईकवर. लेखातून काय गाळलं, का गाळलं, आणि त्याने काय झालं.

तिने ताट बाजूला सारलं. "माझ्या आतड्यावर आणखी एक भाषण नको."

"अगो, पण लोकांना कळायला हवं."

"तुला बरं वाटायला हवं, असं म्हण. एकदा टाळ्या घेतल्यास ना? आता रडवून घेणार. शाल देतील परत." मग म्हणाली, "तू खोटं लिहिलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, दादा. खोटं नव्हतंच काही त्यात. मला शिव्या पण देता येत नाहीत."

मी तिला शब्द दिला की तिच्यावर कुठे बोलणार नाही.

मासिकाच्या संपादकांना मी त्या चार ओळी पाठवल्या आणि पुढच्या अंकात छापा म्हणालो. त्यांनी लेख पुन्हा वाचला. सज्जन माणूस. फोनवर म्हणाले, "खुलासा कशाचा छापू? खुलासा चुकीबद्दल असतो. तुमच्या लेखात चूक कुठंय?" खरंच नव्हती. मी तो ओळीओळीने तपासला. एकही विधान असं नव्हतं की ज्याच्यावर बोट ठेवता येईल. दिवाळी अंकात तो पुन्हा घ्यायचा त्यांचा विचार होता. मी नको म्हणालो. तो त्यांना माझा विनय वाटला.

तीन महिन्यांनी आतडं जोडलं, पिशवी गेली. आता तिला दर दोन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं. ती जेवते, पण काय जेवावं याची यादी दाराच्या मागे लावलेली आहे, आणि त्यात काळे वाटाणे नाहीत. उरलेल्या आतड्यात हा आजार परत येतो, हे डॉक्टरांनी लपवलेलं नाही.

पुढच्या वर्धापनदिनाला वाचनालयाने मला पुन्हा बोलावलं. घरगुती अडचण आहे असं सांगून मी नाकारलं. मग त्यांनी पूर्ण तास उपवासाच्या प्रचारकांना दिला. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. या खेपेला त्यांच्याकडे पडदा आणि प्रोजेक्टर होता. तिसऱ्या चित्रात माझं पान आलं, या वेळी माझ्या नावासकट.

शेवटी प्रश्न घेतले. पुढून एक तिशीची बाई उठली, ओढणी नीट केली, आणि तिने विचारलं की पोटाच्या आजारासाठी माझ्या गोळ्या चालू आहेत, उपास चालू असताना त्या घ्यायच्या का?

"शरीराचं ऐका," ते म्हणाले. "शरीर कधी खोटं बोलत नाही."

मी उठलो नाही. शब्द दिलेला होता हे खरं. शंभर माणसांसमोर, माझंच पान पडद्यावर असताना उठायचं माझ्याने झालं नाही, हेही खरं. यातलं कुठलं कारण आधीचं ते मला ठरवता आलेलं नाही.

खाली जिन्यापाशी, चपलांच्या ढिगापाशी, मी तिला गाठलं. म्हणालो, तुम्ही मघाशी गोळ्यांचं विचारलंत, तो पडद्यावरचा लेख माझा आहे. तिचा चेहरा उजळला. काका, तुम्ही का ते, आमच्या ग्रुपवर आहे तो, म्हणाली. मग मी शब्द मोडला. बहिणीचं सगळं सांगितलं. उपास, टाकून दिलेल्या गोळ्या, चतुर्थीचं जेवण, ऑपरेशन, पिशवी. लेखात नसलेल्या चार ओळीही म्हणून दाखवल्या, पाठ होत्याच. गोळ्या थांबवू नका, जेवा, तुमच्या डॉक्टरांना विचारा, असं तीनदा तरी म्हणालो असेन. लोक आमच्यामधून हात घालून आपापल्या चपला काढून नेत होते. तिने मधे न बोलता, शेवटपर्यंत, आदराने ऐकून घेतलं.

"वाईट झालं हो तुमच्या ताईंचं," ती म्हणाली. "पण त्यांनी उपास मधेच सोडला ना. मोदकच काय, वडेसांबार. सर म्हणतात, सलग करायला लागतो."

तिने चपला पायात सरकवल्या. निघताना, मी वडीलधारा माणूस काळजीने विचारतो आहे म्हणून माझं समाधान करावं तशी म्हणाली, "आज संकष्टी आहे ना? पण मी चंद्रोदयाला सोडत नाही हल्ली, काका. उद्या रात्रीपर्यंत नेते."